तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?

मोहफूल

१५ ऑक्टोबर २०२५ ला गडचिरोलीत माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने मुख्यमंत्र्यांसमोर बंदूक खाली ठेवली. सोबत आणखी साठ जण. मल्लोजुला वेणुगोपाल राव हे त्याचं खरं नाव. बंगालच्या जंगलात २०११ साली मारला गेलेला माओवादी नेता किशनजी हा त्याचा सख्खा भाऊ. बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फुलांचा आणि तिरंग्यांचा पाऊस पडला. त्यात एकाने मलाच विचारलं, "गुरुजी, तुम्ही तिकडे नोकरीला होतात ना? मग तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?"

हा प्रश्न मला याआधीही विचारला गेला आहे. विचारणाऱ्यांच्या खांद्यावर बंदूक होती आणि वेळ रात्रीची होती. त्यामुळे व्हॉट्सॲपवर तो वाचून आधी हसू आलं, मग झोप उडाली.

एटापल्ली तालुक्यातल्या एका माडिया गावात मी आठ वर्षं जिल्हा परिषदेचा शिक्षक होतो. गावाचं नाव लिहीत नाही. चौतीस घरं, वीज नाही, पावसाळ्यात नाला चढला की चार-चार दिवस जगाशी संबंध तुटलेला. महिन्या-दीड महिन्यातून एकदा अंधार पडल्यावर दादालोक यायचे. तिकडे नक्षलवादी असं कोणी म्हणत नाही. दादालोक, नाहीतर नुसतंच 'जंगलातले'. ते आले की घराघरातून तांदूळ गोळा व्हायचा आणि लग्नाकार्याचा जर्मनचा मोठा गंज चुलीवर चढायचा. एका गंजात वीसेक माणसं जेवतात. हे मला माहीत होतं, गावाला माहीत होतं आणि पोलिसांनाही माहीत होतं. त्यामुळे दोन दिवसांनी गस्तीची तुकडी आली की साहेब "दादालोक आले होते का?" असं विचारायचेच नाहीत. शाळेतल्या एखाद्या पोराला जवळ घ्यायचे, गोळी द्यायचे आणि सहज विचारायचे, "परवा किती गंज चढले रे?"

एक गंज म्हणजे नेहमीचं दलम, त्यांची तुकडी. दोन गंज म्हणजे काहीतरी मोठं शिजतंय.

आता सांगा, सात वर्षांचं पोर 'दोन' म्हणालं तर ते कोणाच्या बाजूचं?

झेंड्याचाही किस्सा सांगतो. १५ ऑगस्टला सकाळी शाळेसमोरच्या बांबूला काळं फडकं बांधलेलं आणि खाली लाल अक्षरांतलं पत्रक. काढावं तर रात्री कोणीतरी विचारायला येणार. ठेवावं तर नोकरी जाणार, वर चौकशी. मी हातात तिरंगा घेऊन पंधरा मिनिटं नुसता उभा होतो. गावाचा पाटील आला, बिडी संपेपर्यंत बसला आणि उठून त्याने तो बांबूच मुळासकट उपटून आडवा ठेवला. "राती वारा सुटला होता गुरुजी. बांबू पडला. समद्या गावानं पायला." मग दुसरा बांबू तोडून आणला, झेंडावंदन झालं, 'जन गण मन' झालं, पोरांना लिमलेट मिळाल्या. दुपारी तिरंगा घडी करून पेटीत ठेवला आणि पाटलाने पहिला बांबू काळ्या फडक्यासकट होता तसा पुन्हा उभा केला. वाऱ्याने पडला होता, गावाने उचलला. कोणालाही सांगता येईल असं.

त्या पाटलाला सोसायटीच्या ग्रुपवर घेतला असता तर दोन्हीकडून शिव्या बसल्या असत्या. चर्चा व्हावी म्हणून धागा काढला आहे.

पुणेरी_टोमणा

लिहिलंय छान. पण उत्तर दिलं नाहीत, हे लक्षात आलं.

नक्षल्यांच्या हल्ल्यांचं २००९ हे एकच वर्ष घ्या. १ फेब्रुवारी, मरकेगाव : १५ पोलीस. २१ मे, हत्तीगोटा : १६, त्यात पाच महिला पोलीस. ८ ऑक्टोबर, लाहेरी : १७, विधानसभेचं मतदान पाच दिवसांवर असताना. तीन घटनांत ४८. पुढे १ मे २०१९, म्हणजे महाराष्ट्र दिन, जांभूळखेडा. आधी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळायची, पोलीस पाहायला निघाले की वाटेत स्फोट. १५ जवान गेले, शिवाय खासगी गाडीचा चालक.

यात गुंतागुंत कुठे आहे? मारणारे आणि मरणारे स्पष्ट दिसतात. 'गुंतागुंत आहे हो' असं म्हणणं हीसुद्धा एक बाजूच असते, फक्त ती घ्यायला धाडस लागत नाही.

काजवा

टोमणा, तुमची यादी २००९ ला सुरू होते. १९८० ला का नाही होत? तेव्हा आंध्रातून गोदावरी-प्राणहिता ओलांडून पहिली दलमं आली, तेव्हा लोकांनी त्यांना भात का वाढला? बंदुकीच्या धाकाने? सुरुवातीला तरी तसं नव्हतं. जंगल खात्याचा गार्ड घरातली कोंबडी उचलून न्यायचा, बेगारीवर राबवायचा. तेंदूपत्त्याच्या शेकडा पुड्यांना आणि कागद कारखान्याच्या बांबू तोडणीला मिळायची ती मजुरी म्हणायच्या लायकीची नव्हती. ती वाढवून कोणी दिली हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा. जिल्हाच मुळी १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्याआधी सरकार नावाची चीज तिकडे पोचली ती गार्डाच्या रूपात.

आणि २२ एप्रिल २०१८ तुमच्या यादीत कुठे आहे? बोरिया-कसनसूरची पोलीस चकमक. पहिल्या दिवशी सोळा, मग इंद्रावतीतून प्रेतं निघत गेली, दुसऱ्या दिवशीच्या वेगळ्या चकमकीतले धरून सगळे मिळून चाळीस. गट्टेपल्लीचे आईबाप सांगत होते, आमची पोरं लग्नाला म्हणून गेली होती. पोलीस म्हणाले, नुकतीच दलमात भरती झाली होती. त्या पोरांच्या नावाने कोणी मेणबत्ती लावली?

पुणेरी_टोमणा

चाळीस वर्षांपूर्वीच्या कोंबडीचा हिशोब जांभूळखेड्यात चुकता करायचा का?

काजवा

कोंबडी हसण्यावारी नेऊ नका. ज्याच्याकडे दोनच असतात त्याला विचारा.

मोहफूल

दोघांच्याही याद्या खऱ्या आहेत. एकही नोंद खोडायची नाही. मरकेगाव, लाहेरी, जांभूळखेडा या हत्याच. त्याला 'प्रतिहिंसा' वगैरे म्हणून गुळगुळीत करायचं कारण नाही. गट्टेपल्लीच्या आईबापांचा प्रश्नही खरा, आणि 'तिकडे गेलं की असंच होतं' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

पण एक नोंद दोन्हीकडे नाही. जानेवारी २०१९. कसनसूरच्याच तीन गावकऱ्यांना नक्षल्यांनी उचलून नेलं आणि मारून रस्त्यावर टाकलं. शेजारी बॅनर : एप्रिलच्या चकमकीची खबर यांनीच दिली. ना साक्ष, ना पुरावा.

काजवा, तुमच्या यादीत हे तिघं येत नाहीत, कारण त्यांना मारणारे तुमच्या मते गरिबांसाठी लढत होते. टोमणा, तुमच्या यादीतही नाहीत, कारण त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. मला वाटतं गडचिरोलीत मेलेल्यांत मोठा भरणा अशांचा आहे. पोलीस पाटील, सरपंच, शेतकरी, एखादा मोबाईल घेऊन फिरणारा पोरगा. सगळ्यांवर एकच शिक्का : खबऱ्या.

नागपुरी_वकील

थोडी भर. ज्यांना 'बाजू घ्यायलाच हवी' असं वाटतं त्यांनी छत्तीसगडमधलं सलवा जुडूम, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांनाच उभं करायची मोहीम, आठवावं. २००५ साली दंतेवाड्यात सुरू झालं. पुढाकार काँग्रेसच्या महेंद्र कर्मांचा, सरकार भाजपचं, म्हणजे पक्षाचा प्रश्नच नव्हता. गावांना सांगितलं, मधे राहायचं नाही. आमच्या छावणीत या, नाहीतर तुम्ही त्यांचे. जी गावं आली नाहीत ती जळाली. हजारो लोक सीमा ओलांडून तेव्हाच्या आंध्रात पळाले. आदिवासी पोरांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमून तुटपुंज्या मानधनावर बंदुका दिल्या. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. कर्मांना माओवाद्यांनी २५ मे २०१३ ला झीरम घाटीत मारलं.

म्हणजे 'मधे कोणी नको' हा प्रयोग प्रत्यक्षात करून झालेला आहे. मधले लोक संपले, युद्ध संपलं नाही. उलट २०१० साली ताडमेटलाला ७६ जवान गेले ते याच काळात.

जाता जाता : माओवाद्यांशी संबंधांच्या खटल्यातून प्रा. साईबाबांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२४ मध्ये निर्दोष सोडलं. त्यांचं नाव इथे सगळ्यांना माहीत असेल. त्याच खटल्यातला गडचिरोलीचा एक आदिवासी तरुण २०२२ मध्ये कोठडीतच वारला. निकालात तोही निर्दोष ठरला. त्याचं नाव किती जणांना आठवतं? याला मी बाजूंचं राजकारण म्हणतो. आपल्याकडे दोन्ही बाजूंना प्राध्यापकच लागतो.

शेवगा_अकोलेकर

साईबाबांना मधे आणलंत, आता धागा दोनशेवर जाणार. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

संपादक

वैयक्तिक शेरेबाजीचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. 'शहरी नक्षल' आणि 'भक्त' हे दोन शब्द या धाग्यावर न वापरता बोलता येतं का ते पाहा.

वडसेची_पोर

मी इथं फक्त वाचत असते. लिहायची पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या.

माझा भाऊ सी-सिक्स्टीत, म्हणजे पोलिसांच्या नक्षलविरोधी तुकडीत आहे. आम्ही गोंड. १९९० मध्ये ही तुकडी काढली तेव्हाच ठरलं होतं की पोरं इथलीच घ्यायची, ज्यांना जंगल पाठ आहे आणि भाषा येते. म्हणून इकडून गोळी मारणारा आणि तिकडून मारणारा, दोघंही एकाच बोलीत आईला हाक मारतात. टीव्हीवर बसून 'आदिवासी विरुद्ध पोलीस' बोलून राहिले असतात, तेव्हा मला कळत नाही की माझ्या भावाला यांनी कोणत्या रकान्यात टाकला.

भाऊ भरती झाला तेव्हापासून माय गावात सांगते, पोरगा नागपूरला कंपनीत आहे. गावाला माहीत आहे की ती खोटं बोलते. तिलाही माहीत आहे की गावाला माहीत आहे. तरी बारा वर्षं तेच. तो घरी येणार त्याचा दिवस फोनवर सांगत नाही. बसने येत नाही. आला तर रात्री येतो, अंगणात झोपत नाही. काकाच्या तेरवीला आला नाही, कारण तेरवीचा दिवस सगळ्यांना माहीत असतो ना.

गुरुजींचं लिहिलेलं आवडलं. पाटलाची गोष्ट वाचून माय खूप हसली. पण एक विचारते, राग मानू नका. तुम्ही आठ वर्षांनी बदली घेऊन निघालात. आता नागपूर-पुण्यात कुठं तरी बसून 'मधे' आहात. आम्हाला तशी बदली मिळत नाही. माझ्या भावाने बाजू घेतली. त्याला पोट होतं, बहिणींची लग्नं होती आणि खरं सांगू, रागही होता. शाळेतल्या त्याच्या मित्राला नक्षल्यांनी त्यांच्या जनअदालतीत सगळ्या गावासमोर मारलं. तुम्ही आठ वर्षांत एकदाही बाजू घेतली नाही का?

पुणेरी_टोमणा

ताई, तुमच्या भावाला सलाम. आणि प्रश्न अगदी वर्मावर आहे. मोहफूल, आता पाटलामागे लपू नका.

बेलफास्टची_वहिनी

गुरुजी उत्तर देईपर्यंत मी थोडं विषयांतर करते.

सतरा वर्षं बेलफास्टात आहे. इथला जुना विनोद आहे. परदेशी माणसाला विचारतात, तू प्रोटेस्टंट की कॅथलिक? तो म्हणतो, मी हिंदू. यावर प्रश्न येतो, बरं, पण प्रोटेस्टंट हिंदू की कॅथलिक हिंदू? आल्या आल्या मला हा खरोखर विचारला गेला, हसत हसतच, पण उत्तराची वाट बघत.

खबऱ्यांवरून आठवलं. जीन मॅकॉनव्हिल, दहा मुलांची विधवा आई. १९७२ च्या डिसेंबरात आयआरए या इथल्या सशस्त्र संघटनेने खबरी असल्याच्या आरोपावरून घरातून उचलून नेली आणि मारून पुरली. सापडली २००३ मध्ये, लाउथच्या समुद्रकिनाऱ्यावर. जवळजवळ एकतीस वर्षं शेजारी कोणी काही 'पाहिलं' नव्हतं. पोरं वेगवेगळ्या अनाथाश्रमांत वाटली गेली. १९९८ च्या शांतता करारानंतर दोन वर्षांत दोन्हीकडचे कैदी सुटले. ज्यांच्या घरची माणसं गेली होती त्यांना सुटलेला माणूस दुकानाच्या रांगेत दिसायचा, अजून दिसतो. भूपतीची बातमी वाचताना मला तीच रांग आठवली. करार बरोबरच होता, माणसं मरायची थांबली. पण रांगेत उभं कोणाला राहावं लागतं, ते सही करणाऱ्यांना दिसत नाही.

आणि इथल्या दोन वस्त्यांमधल्या भिंती अजून उभ्या आहेत बरं का. पर्यटकांना टॅक्सीतून दाखवतात. आमच्याकडे पाहुणे आले की मीही नेते.

काजवा

वडसेची_पोर, तुमच्या भावाबद्दल काही बोलायचा मला अधिकार नाही. कोंबडीचं लिहिलं ते मागे घेत नाही, पण जनअदालतीवर मी एक ओळही लिहिली नव्हती हे तुमचं वाचल्यावर जाणवलं. कॉलेजात आम्ही तो शब्द फार रोमँटिकपणे वापरायचो.

एवढंच म्हणेन की बाजू दोनच असतात हेही कोणीतरी ठरवून दिलेलं आहे. धानोऱ्याच्या मेंढा-लेखा या गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हटलं, २००९ मध्ये अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवानाही ग्रामसभेच्या हातात घेतला. एकही गोळी न झाडता.

पुणेरी_टोमणा

मेंढा-लेखा मान्य. पहिल्यांदाच सहमत.

मोहफूल

उत्तर द्यायला चार दिवस लागले. दोनदा लिहून पुसलं.

वडसेची_पोर, तुमचं बरोबर आहे. मला बदली होती. आणि हो, एकदा बाजू घेतली. घेतली असं तेव्हा वाटलं नव्हतं.

डिसेंबर होता. त्या रात्री दोन गंज चढले होते. दुसऱ्याच दिवशी पोलीस आले, नवे साहेब होते. पोरांना नाही, मला विचारलं. चांगला माणूस वाटला. माझ्याच गावाकडचा निघाला, तिकडच्या पेरूंची चौकशी केली. आठ वर्षांत मी कोणाशी धड मराठीत मोकळं बोललो नव्हतो. मी म्हणालो, दोन. चुली कोणाच्या अंगणात होत्या? पाटलाच्या, म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन गंजांची माणसं गावाबाहेर होती, पुढे कुठे तरी पोलिसांची गाडी उडाली असती. टोमणा म्हणतात तशी धाडसाची बाजू होती ती. सरकारी नोकराने खरं सांगितलं, बस.

पाटलाला घेऊन गेले. चार दिवस ठेवला. परत आला तेव्हा टाचा टेकवता येत नव्हत्या, पायाच्या बाहेरच्या कडेवर चालायचा. मला म्हणाला, "कायी नायी गुरुजी, विचारलं." कोणी सांगितलं हे त्याला ठाऊक होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

महिन्याने दादालोक आले. त्यांनी भात मागितला नाही. पाटलाला गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर बसवून एकच विचारलं, बाकीचे महिनोन्महिने आत राहतात, तुला चार दिवसांत कसं सोडलं? काय सांगून सुटलास? मी शाळेच्या ओसरीवर होतो, तीस-चाळीस पावलांवर. उठून म्हणायला हवं होतं की याने काही सांगितलं नाही, मी सांगितलं. म्हणालो नाही. गावातल्या बायका रडायला लागल्या, म्हाताऱ्यांनी हात जोडले, म्हणून त्या रात्री निभावलं. 'पुढल्या वेळी' असं बोलून ते गेले.

पुढली वेळ यायच्या आत पाटील घर सोडून गेला. बायको, दोन पोरं, चार बकऱ्या. त्याच जूनमध्ये माझी बदली झाली. अर्ज मीच केला होता.

तेव्हा पुन्हा कोणी विचारलं की तुम्ही कोणाच्या बाजूचे, तर मला आधी टाचा दिसतात. मग ओसरी.

वडसेची_पोर

गुरुजी, मायला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. उठून चहा ठेवला.

भावाला पण पाठवलं. त्याने एवढंच लिहिलं, "गंज आम्हीपण विचारतो."

नागपुरी_वकील

कोठडीतली मारहाण हा गुन्हा आहे, आणि तो तेव्हाही गुन्हाच होता. हे इथे नोंदवून ठेवतो. बाकी काही बोलवत नाही.

पुणेरी_टोमणा

वर 'पाटलामागे लपू नका' म्हणालो होतो. ते वाक्य नको होतं.

एक विचारतो, टोमणा नाही. तो माणूस पुढे कुठे गेला?

मोहफूल

मिरची तोडायला भद्राचलमच्या बाजूला. इकडची बरीच कुटुंबं हंगामाला जातात, तो तिथेच राहिला. तीनेक वर्षांपूर्वी एका जुन्या विद्यार्थ्याने त्याच्या मुलाचा नंबर पाठवला. फोनमध्ये सेव्ह आहे.

अजून लावला नाही.